अंजनेरीच्या माथ्यावर झाडं लावू नका

सातपूरकर:
पाऊस धरला की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप सुरू होतात: रविवारी अंजनेरी, रोपं आमची, श्रम तुमचे. त्यामागची तळमळ खरी आहे, पण नाशिकजवळच्या या गडाच्या माथ्यावर झाडांसाठी खड्डे घ्यायला माझा ठाम विरोध आहे. अंजनी मातेच्या मंदिरापासून तळ्याकडे जाताना लागणारी पठारं ओसाड नाहीत. तिथे मातीचा थर पातळ, खाली कातळ. वर्षातला बराच काळ कंद त्या मातीत दडून असतात, पहिल्या पावसांवर कोंब काढतात, आणि नेमकी तेव्हाच आपली कुदळ पडते.

इथलं एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली अभ्यासकांनी नोंदवलं. नावच या गडाचं. श्रावण-भाद्रपदात जाऊन, गवतात बसून ते जवळून पाहा. उभी नळी, आत खालच्या दिशेला वळलेले केस. बारकी माशी आत उतरते आणि ते केस तिला परत फिरू देत नाहीत. फूल मलूल होऊ लागलं की केस सुकतात, माशी परागांसह सुटते आणि दुसऱ्या फुलात जाते. हे सगळं उघड्या उन्हात, गवताच्या सोबतीने चालतं. वर गिरिपुष्पासारख्या लावलेल्या झाडांची दाट सावली पडली की खेळ खलास. २०१७ साली गड संवर्धन राखीव, म्हणजे कायद्याने संरक्षित क्षेत्र, जाहीर झाला. तो या वनस्पती आणि कड्यावरची गिधाडं राखण्यासाठी, रोपं मोजण्यासाठी नाही.

पंचवटीकर:
त्र्यंबक रस्त्यावरून मे महिन्यात हा डोंगर पाहा, पोटात कालवतं. नाशिकजवळचा बोरगडही असाच बोडका होता. लोकांनी वर्षानुवर्षं झाडं लावली, राखली, आणि २००८ मध्ये तोच राज्यातला पहिला संवर्धन राखीव झाला. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून देशी झाडांची देवराई उभी राहते आहे. तिथेही गवतच ठेवायला हवं होतं का? शेजारच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. डोंगर उघडे राहिले तर पाणी मुरणार कुठे?

सातपूरकर:
बोरगडाचा दाखला मला मान्य आहे, पण तो उतारांचा आहे. तिथे जंगल होतं, ते तुटलं, लोकांनी परत आणलं. अंजनेरीच्या उतारांवरही हिरडा, बेहडा, पळस, काटेसावर लावा, मी स्वतः घमेलं उचलीन. पठाराची गोष्ट वेगळी. वारा, उथळ माती आणि पावसात साचणारं पाणी यांमुळे तिथे गवत आणि कंदच टिकतात. पाण्याचं म्हणाल तर गवताची मुळंही माती धरतात. खड्डे घेऊन ती मोकळी केली की पहिल्याच सरीत वाहून जाते.

शाळेतली बाई:
माझा अनुभव असा, की मुलाने हाताने रोप लावलं की त्याचा डोंगराशी जीव जडतो. नुसतं "फुलाला हात लावू नका" सांगून तो जडत नाही. सगळंच बंद केलंत तर ही मुलं डोंगरावर येतील कशाला?

पायथ्याचा गावकरी:
बाई, मुलांना जरूर आणा, पण डिसेंबरात आणा. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला माणसं लागतात. लावायला गाड्या भरून लोक येतात, फोटो होतात. जानेवारीनंतर पाणी घालायला कोण चढतं? रोपं वाळतात, त्यांच्याभोवतीचं गवत वणव्यात जातं.

आणि सातपूरकर, तुम्हालाही सांगतो. चराई पार बंद केली तर गवत कमरेएवढं वाढतं आणि एका विडीने डोंगर पेटतो. आमच्या गुरांना बाहेर काढून गवत वाचणार नाही. खड्डे खणणं ही आमच्या पोरांची मजुरी आहे, ती बंद होणार असेल तर दुसरं काम द्या: राखण, जाळरेषा, पावसाळ्यात वाट दाखवणं. संवर्धन राखीवाच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा असं कायद्यातच आहे. कुठे लावायचं, कुठे चारायचं, हे त्या बैठकीत ठरू द्या, ग्रामसभेत सांगून. शहरातल्या ग्रुपवर नको.

सातपूरकर:
भाऊ, राखणीच्या मजुरीला माझा पूर्ण पाठिंबा. चराईवर मात्र एक अट: फुलोऱ्याच्या दोन महिन्यांत पठारावर गुरं नकोत. दिवाळीनंतर चालेल.

पायथ्याचा गावकरी:
त्या दोन महिन्यांत गुरं खालीच राहतील, पण मग माणसंही आवरा. रविवारी ट्रेकवाल्यांच्या रांगा वाट सोडून गवतातून जातात. एका दिवसात जेवढं तुडवलं जातं तेवढं आमच्या गायी महिन्यात तुडवत नाहीत.

पंचवटीकर:
उतारांचं पटलं. तरी हनुमान जयंतीला म्हातारी माणसं पायऱ्या चढून येतात, त्यांना सावली नको? मंदिराजवळ उंबर-जांभळाची मोजकी झाडं तरी हवीतच. ही मागणी मी सोडणार नाही.

सातपूरकर:
मंदिराच्या आवारात लावा, तिथली माती आधीच तुडवलेली आहे. आवाराबाहेर पठारावर एकही खड्डा नको.