मदत हवी आहे: माझा एच-इंडेक्स नक्की किती? चार, पाच की एकतीस?

नमस्कार मंडळी,

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. संशोधन वर्गीकरणशास्त्रातलं. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गुडघाभर ओलं होऊन फिरायचं, नमुने दाबून हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) शीटवर चिकटवायचे, जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचे. एरिओकॉलॉन, म्हणजे आपली गेंदं, हा माझा गट. पंधरा वर्षांत एकवीस पेपर झाले, त्यांत दोन नव्या जाती.

आता कॅसचा, म्हणजे बढतीचा, फॉर्म भरायचाय. मुदत महिनाअखेरीची. आमच्याकडच्या फॉर्मात एक चौकट आहे: 'एकूण सायटेशन्स व एच-इंडेक्स'. सायटेशन्स म्हणजे आपले पेपर किती वेळा उद्धृत झाले ते; एच-इंडेक्स पाच म्हणजे निदान पाच-पाच सायटेशन्सचे पाच पेपर. चौकट दोन बोटांची, पण मी तीन दिवस तिथेच अडकलेय.

स्कोपस या सायटेशन्स मोजणाऱ्या सूचीवर माझी दोन प्रोफाइल्स निघाली. लग्नाआधीचे नऊ पेपर माहेरच्या नावावर, नंतरचे बारा सासरच्या. माहेरच्या पेपरांची सायटेशन्स अशी: ४१, २२, १४, ९, ६, ५, ३, १, ०. सासरची: १८, १२, ११, ८, ४, ४, ३, २, १, १, ०, ०. पहिल्याचा एच-इंडेक्स पाच दाखवतं, दुसऱ्याचा चार.

मग गूगल स्कॉलर उघडलं, तर तिथे सायटेशन्स २,९४० आणि एच-इंडेक्स ३१! क्षणभर वाटलं, जगाने शेवटी गेंदांची दखल घेतली. खाली सरकवलं तर यादीत हृदयाच्या झडपा, स्टेंट, मधुमेह. कोणीतरी डॉक्टर आहेत, आडनाव पाटील, आद्याक्षरंही माझीच. या राज्यात पाटील किती, हे स्कॉलरच्या यंत्राला कोण सांगणार?

विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "३१ लिहून टाका मॅडम, कोण बघतंय?" ते मला जमणार नाही. पण पाच लिहायचे की चार, की दोन्हींची बेरीज करून नऊ? आणि खरं सांगायचं तर बाजूच्या बायोटेकच्या मुलाचा एच-इंडेक्स सहा वर्षांत चौदा झालाय, त्याच्यापुढे हे लिहायला हात धजत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

– सड्यावरची

---

पिपेट:

ताई, आधी स्कॉलर साफ करा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रोफाइलमध्ये लॉगिन करून डॉक्टरसाहेबांच्या पेपरांवर खुणा करायच्या आणि डिलीट. मग सेटिंगमध्ये जाऊन 'आपोआप पेपर जोडा' हा पर्याय बंद करून 'आधी ईमेलने विचारा' हा निवडा. नाहीतर पुढच्या महिन्यात स्टेंट परत येतील.

साफ केल्यावरही स्कॉलरचा आकडा स्कोपसपेक्षा जास्तच येईल, त्याने दचकू नका. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदांची इतिवृत्तं, विद्यापीठाच्या साइटवर पडलेल्या पीडीएफ, सगळं मोजतं. स्कोपस आणि तशीच दुसरी सूची वेब ऑफ सायन्स फक्त त्यांनी निवडलेल्या नियतकालिकांतलं, पुस्तकांतलं आणि परिषदांतलं मोजतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच, चाळणी वेगळी.

राहता राहिला बायोटेकचा मुलगा. मी त्याच जमातीतला, म्हणून बोलतो. आमच्याकडे एका पेपरला साठ-सत्तर संदर्भ असतात, पेपर भराभर निघतात आणि सगळे एकमेकांचं नुकतंच छापलेलं उद्धृत करतात. एखादा रिव्ह्यू (आढावा लेख) लिहिला की सायटेशन्स पावसासारखी पडतात. तुमच्या गेंदांवर जगात काम करणारे मोजून किती असतील? हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला, तेव्हा जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे असतात हे त्यानेही नोंदवलं होतं. मग जीवशास्त्राच्या पोटातल्या फरकाचं काय बोलावं!

अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट नावाचं फुकट साधन आहे. ते पेपरची तुलना त्याच्याच क्षेत्राशी करून देतं. तिथे बघा.

---

ग्रंथपाल:

बेरीज अजिबात करू नका! एच-इंडेक्स बेरजेचा आकडा नाही. तुम्ही आकडे दिलेत म्हणून दोन्ही याद्या एकत्र करून उतरत्या क्रमाने लावल्या: ४१, २२, १८, १४, १२, ११, ९, ८, ६, ५… आठव्या पेपरला आठ सायटेशन्स आहेत, नवव्याला सहाच. म्हणजे एच-इंडेक्स आठ. एकूण सायटेशन्स १०१ अधिक ६४, म्हणजे १६५. लग्न झालं म्हणून स्कोपसने तुमच्या आठाचे पाच आणि चार केलेत, एवढीच गोष्ट.

आमच्या कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापिकांची हीच तक्रार असते. कुठे माहेरचं नाव, कुठे सासरचं, कुठे दोन्ही, कुठे मधलं नाव वडिलांचं आणि पुढच्या पेपरात नवऱ्याचं. इंग्रजी स्पेलिंगची गंमत वेगळीच. उपाय असा: स्कोपसमध्ये दोन्ही प्रोफाइल्स निवडून ती एकत्र करण्याची विनंती पाठवा. पैसे पडत नाहीत, पण वेळ लागतो, मुदतीआधी होईलच असं धरून चालू नका. तोवर दोन्ही प्रोफाइल्सचे प्रिंट, एकत्र हिशेबाचा तक्ता आणि नावबदलाच्या राजपत्राची प्रत जोडा. राजपत्र नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला. आकड्याशेजारी 'स्कोपस, अमुक तारखेला पाहिल्याप्रमाणे' हे लिहाच. तारखेविना सायटेशनचा आकडा म्हणजे बाजारभाव न सांगता हापूस विकणं.

आणि आजच्या आज ऑर्किड काढा. फूल नव्हे, संशोधकाचा सोळा आकडी ओळख क्रमांक. २०१२ पासून आहे, फुकट आहे. नाव शंभरदा बदला, क्रमांक तोच राहतो. तो 'विद्वान' या संशोधकांच्या राष्ट्रीय सूचीतल्या प्रोफाइललाही जोडून टाका.

---

सड्यावरची:

ग्रंथपाल, आठ वाचून इतकं बरं वाटलं की चहा केला. राजपत्र आहे, बँकेसाठी केलं होतं.

पिपेट, स्कॉलर साफ केलं. आता सायटेशन्स ३१८, एच-इंडेक्स १०. आयसाइटवरही गेले, पण माझ्या एकविसांपैकी दोनच पेपर सापडले!

---

पिपेट:

अरे हो, माझी चूक. आयसाइट पबमेडवर चालतं आणि पबमेडचा जीव वैद्यकात. सड्यावरचं गवत तिथे क्वचितच पोचतं. माफी असावी.

---

खेकडेवाला:

प्राणिशास्त्रातून एक भर घालतो. आमच्या वर्गीकरणवाल्यांचं मोठं नियतकालिक म्हणजे झूटॅक्सा. २०२० मध्ये वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेटने त्याचा इंपॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा, काढून घेतला होता. कारण काय, तर नियतकालिक स्वतःलाच फार उद्धृत करतं. अहो, नव्या जातींच्या वर्णनांचा एवढा मोठा वाटा एकाच ठिकाणी छापला जात असेल, तर माणूस दुसरीकडचं उद्धृत करणार तरी काय? जगभरातले वर्गीकरणवाले उठले, पत्रं गेली आणि काही आठवड्यांत क्लॅरिव्हेटला निर्णय फिरवावा लागला. सांगायचा मुद्दा, मोजणारेही चुकतात.

दुसरं, तुम्ही त्या चौकटीत इतक्या अडकलात, पण गुणांचा तक्ता नीट पाहिलात का? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत पेपरचे गुण नियतकालिकाच्या इंपॅक्ट फॅक्टरवर आहेत, तुमच्या एच-इंडेक्सवर नाहीत. दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनाहून जास्त असतील तर मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३० टक्के. कुठल्या पेपरात तुम्ही पत्रव्यवहार करणाऱ्या लेखिका आहात ते शोधून खूण करा. खरे गुण तिथे सांडतात.

---

चौकट_राजा:

व्हॉट्सॲपवर 'सायटेशन्स वाढवून मिळतील' असे मेसेज येतात. दर पण लावलेत, दहाच्या पॅकमध्ये स्वस्त. कुणी घेतलंय का? (गंमत करतोय. मेसेज मात्र खरंच येतात.)

---

खेकडेवाला:

गंमतीतही नको. मागे एका परिचिताने हा उद्योग केला. भाताच्या रोगावरचा पेपर, आणि त्याला उद्धृत करणारे सगळे सिमेंट-काँक्रीटवरचे. समितीतल्या एका सरांनी फक्त यादी मोठ्याने वाचून दाखवली. पुढे काही बोलावंच लागलं नाही.

---

निवृत्त_मास्तर:

ताई, मी पस्तीस वर्षं फ्लोरा शिकवला. तुमच्या हाताला धजावं म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो, घाईत असाल तर सोडून द्या.

जगात सर्वाधिक उद्धृत झालेला पेपर कोणता? ऑलिव्हर लाउरी यांचा, १९५१ चा. विषय, द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची रीत. २०१४ मध्ये मोजदाद झाली तेव्हा तीन लाखांच्या वर सायटेशन्स होती. लाउरी स्वतःच म्हणायचे की हा काही माझा थोर पेपर नव्हे. त्या मोजदादीत पहिल्या शंभरात बसायला १२,११९ सायटेशन्स लागत होती. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३ चा पेपर त्या शंभरात नव्हता! जे सगळ्यांनाच ठाऊक झालं, त्याला संदर्भ द्यायची गरज कुणाला वाटत नाही.

उलट बाजू कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांची. पटकीचे जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साचतं, म्हणजे खरा मारेकरी जंतूने सोडलेलं विष, हे त्यांनी सशांवर दाखवलं आणि १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. पहिली काही वर्षं फारशी कुणी दखल घेतली नाही. डे गेले १९८५ मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाच्या प्रभावावर सविस्तर लिहिलं ते यूजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे ज्यांनी सायटेशन मोजायचा हा सगळा कारखाना उभा केला त्यांनीच.

आणि आपल्या विषयाचं तर विचारूच नका. थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. त्यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ मध्ये निघाला. आजही सह्याद्रीत झाड ओळखायला बसलं की कुक उघडावा लागतो. पण झाडाचं नाव लिहिताना पुढे ज्याने नाव ठेवलं त्याचं नाव जोडतात, ते सायटेशन म्हणून कुठलंच यंत्र मोजत नाही. तुमच्या दोन जातींचं नाव पुढे कुणीही, कुठल्याही यादीत लिहिलं, की तुमचं आडनाव शेजारी येणार. स्कोपसला त्याचा पत्ता नाही.

म्हणून चौकटीखाली पुरवणी जोडा. दोन्ही जातींचे मूळ नमुने कोणत्या हर्बेरियमात आहेत ते नोंद क्रमांकासह लिहा. आयपीएनआय या आंतरराष्ट्रीय नामसूचीतल्या नोंदींचे प्रिंट लावा. वनखात्याने किंवा कुठल्या समितीने तुमची यादी वापरली असेल तर ते पत्र लावा. संशोधनाच्या मोजमापाबद्दलचा २०१५ चा लायडन जाहीरनामाही हेच सांगतो, आकडा जाणकाराच्या मताच्या सोबतीला असावा, त्याच्या जागी नव्हे.

जाता जाता, त्या दोन्ही जातींत माहेरचं आडनाव आहे की सासरचं?

---

सड्यावरची:

सर, एकीत माहेरचं, दुसरीत सासरचं. मूळ नमुने दोन्हींचे पुण्याला बीएसआयच्या, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या, हर्बेरियमात आहेत, पावत्या शोधून काढल्या. वनखात्याचं पत्रही मिळालं, कपाटात गॅसच्या पुस्तकाखाली होतं.

चौकटीत लिहिलं: '१६५, एच-इंडेक्स ८ (स्कोपस, दोन प्रोफाइल्स एकत्र, आज पाहिल्याप्रमाणे, तक्ता जोडला आहे)'. चौकटीत मावलं नाही, समासात गेलं. खेकडेवाल्यांच्या सांगण्यावरून गुण पुन्हा मोजले, तर दोन पेपरांत मी पत्रव्यवहार करणारी लेखिका असूनही ३० टक्केच लावले होते. ते दुरुस्त केले.

एक शंका उरली. ऑर्किडवर 'इतर नावे' म्हणून माहेरचं नाव टाकलंय. आता पुढचा पेपर कुठल्या नावाने छापू? नवरा म्हणतो, माहेरच्याच, तिथे ४१ सायटेशन्सवाला पेपर आहे.

---

ग्रंथपाल:

ज्या नावाने छापाल त्याच नावाने शेवटपर्यंत छापा. मधलं आद्याक्षरसुद्धा बदलू नका. आणि विनंती पाठवल्यावर स्कोपसचा ईमेल स्पॅममध्ये जातो, तिथे रोज बघा.