शाळांमधील जादूच्या प्रयोगांचे मानधन आणि तारखा कशा ठरवाव्यात? (नागपूर)

कांडीवाला यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात मुलांचे वाढदिवस आणि सोसायट्यांचे गणेशोत्सव यांत जादूचे प्रयोग करतो. वाढदिवसांची कामे बहुधा शनिवार-रविवारच्या संध्याकाळीच येतात आणि आठवड्याचे बाकीचे दिवस रिकामे जातात, म्हणून आता शाळांकडे वळण्याचा विचार आहे. दोन शाळांशी बोलणे झाले. मानेवाड्याकडील एका शाळेने प्रत्येक मुलामागे दहा रुपये गोळा करून द्यायची तयारी दाखवली. शाळेचा पट सहाशेच्या आसपास आहे. दुसऱ्या शाळेने, स्नेहसंमेलनात वीस मिनिटे द्या, पालकांमध्ये तुमचे नाव होईल, असे म्हणून पैशांचा विषयच निघू दिला नाही. वाढदिवसाच्या एका तासाच्या प्रयोगाचे मी तीन हजार घेतो. शाळेला हाच दर सांगावा की वेगळा? मुलामागे पैसे घ्यावेत की एकरकमी? शाळांकडून इसार मागावा का, आणि मुळात शाळांना भेटायचे कोणत्या महिन्यात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पडद्यामागचा यांचे उत्तर

भाऊ, वाढदिवसाचा दर शाळेला लावू नका. वाढदिवसाला तीस मुले तुमच्या टेबलापासून हातभर अंतरावर बसतात, तर शाळेत चारशे मुले सतरंज्यांवर बसलेली असतात आणि त्यांतल्या शेवटच्या रांगेला तुमच्या बोटांतले नाणे दिसतच नाही. म्हणजे रुमाल मोठे हवेत, टेबल उंच हवे, कॉलर माइक आणि बॉक्स स्पीकर आपलाच हवा (शाळेच्या स्पीकरवर प्रार्थना नीट ऐकू येते, बोलत बोलत केलेला प्रयोग येत नाही) आणि सोबत एक माणूस हवा. हा सगळा खर्च दरात धरावाच लागतो.

माझी पद्धत अशी आहे की मी प्रयोगाचा दर सांगत नाही, शाळेच्या अर्ध्या दिवसाचा दर सांगतो. त्या अर्ध्या दिवसात पहिली ते चौथीसाठी पस्तीस मिनिटांचा एक आणि पाचवी ते आठवीसाठी पन्नास मिनिटांचा दुसरा, असे दोन प्रयोग करतो आणि एका प्रयोगाला अडीचशेहून अधिक मुले बसवू देत नाही. मुख्याध्यापकांनी सगळी शाळा एकदमच बसवायचा आग्रह धरला, तरी दर तोच राहतो. पैसे कमी करायची विनंती आली की मी दुसरा प्रयोग काढून टाकतो किंवा सहायकाशिवाय होणारे छोटे प्रयोग देतो, पण त्याच कामाचे पैसे कमी करत नाही. कारण एका परिसरातले मुख्याध्यापक एकमेकांना ओळखतात आणि एकाला दिलेली सवलत आठवडाभरात दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते.

आकडा काढायचा तर उलट्या बाजूने काढा. समजा, घरखर्चासाठी वर्षाला चार लाख हवेत आणि साहित्य, दुरुस्ती, गाडी, छपाई यांवर एक लाख वीस हजार जातात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पुढे पावसाळा, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी वजा केली आणि फेब्रुवारीनंतर वार्षिक परीक्षेची तयारी व सकाळची शाळा सुरू होते हे धरले, तर हाताला लागणारे दिवस ऐंशीच्या पुढे जाणे अवघड आहे. पाच लाख वीस हजारांना ऐंशीने भागले की साडेसहा हजार येतात. त्यात सहायकाचा रोज आणि पेट्रोल मिळवा. वाढदिवसांच्या उत्पन्नाने यातला काही भार हलका होईल, हे खरे. पण तीन हजारांत शाळा घेतली तर प्रत्येक शाळेमागे पदरचे घालावे लागतील, हेही या हिशेबातून दिसते.

स्नेहसंमेलनाच्या वीस मिनिटांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नाही म्हणा. त्या दिवशी मंडपवाला, ध्वनिव्यवस्थेवाला आणि छायाचित्रकार या सगळ्यांना पैसे मिळणार असतात. शिवाय दोन नाचांच्या मध्ये, अर्धवट उघडलेल्या पडद्यासमोर केलेली जादू पालक मोबाईल पाहत पाहत बघतात.

निवृत्त मुख्याध्यापिका यांचे उत्तर

मी शाळेच्या बाजूने लिहिते. मुलामागे दहा रुपये गोळा करण्याची पद्धत जुनी आहे आणि अनेक जादूगार अजूनही तीच सुचवतात, परंतु ती मला कधीच पटली नाही. चिठ्ठी घरी जाते, वर्गशिक्षिका आठवडाभर सुटे पैसे मोजत बसतात आणि प्रयोगाच्या दिवशी पैसे न आणलेली वीस-पंचवीस मुले एका वर्गात बसून पटांगणावरच्या टाळ्या ऐकतात. ती मुले कोणत्या घरांतली असतात, हे सांगायला नको. सहाशेच्या पटातून साडेतीनशे मुलांचेच पैसे जमले, तर आपल्यालाही ठरल्यापेक्षा बरेच कमी मिळतील. त्यामुळे एकरकमी मानधन मागा आणि कोणतेही मूल बाहेर बसणार नाही, ही आपली अट म्हणून आधीच सांगा. मुख्याध्यापकांना ती व्यवस्थापनापुढे मांडायला सोपी जाते.

जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या शाळांत अशा कार्यक्रमासाठी हाताशी पैसा नसतो. तिथे ग्रामपंचायत, एखादे सेवाभावी मंडळ किंवा हिंगणा, बुटीबोरीकडचा एखादा कारखाना खर्च उचलतो का, ते पाहावे लागते. परवानगीचे पत्र मात्र आधी मिळवा.

भेटायला येण्याची वेळ जुलै-ऑगस्टची. शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडे प्रवेश आणि पाठ्यपुस्तकांत जातात, त्यानंतर वर्षाचे नियोजन कागदावर येते. बालदिनाचा कार्यक्रम तेव्हाच ठरलेला असतो. 10 नोव्हेंबरला येणाऱ्या जादूगाराला आम्ही चहा देत असू, तारीख नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन येतात; त्या दिवशी शाळांपेक्षा वस्त्यांमधील मंडळांकडून बोलावणे येण्याची शक्यता अधिक. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असते, तेव्हा सीताबर्डीच्या बाजूची शाळा घेतली तर मोर्चे आणि बंदोबस्त लक्षात घेऊन लवकर निघा.

माझ्या मते सर्वात दुर्लक्षित दिवस 28 फेब्रुवारीचा, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाचा आहे. पेटता कापूर जिभेवर ठेवणे, लिंबातून लाल रस काढणे, रिकाम्या हातातून राख काढणे असे भोंदूंचे प्रकार करून दाखवून त्यांमागचे कारण समजावले (कापूर मात्र बोलूनच सांगा, करून दाखवू नका, मुले घरी करून पाहतात), तर शिक्षक स्वतःहून बोलावतात. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा करमणुकीच्या जादूला आडवा येत नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे हा त्यात गुन्हा आहे. तरीही काही पालक नुसत्या ‘जादू’ या शब्दाने बिचकतात, म्हणून पत्रकावर ‘हातचलाखी आणि विज्ञान’ असे ठळक लिहावे.

जमाखर्च यांचे उत्तर

इसाराबद्दल थोडे. शाळा बहुधा इसार देत नाहीत, कारण त्यांना बिलाशिवाय पैसे काढता येत नाहीत. म्हणून इसाराऐवजी शाळेच्या शिक्क्याचे पत्र घ्या. त्यात तारीख, वेळ, प्रयोगांची संख्या, जागा, मानधन आणि ते प्रयोगाच्या दिवशीच देण्याचे कबूल असल्याचे वाक्य असावे. बिल दोन दिवस आधी पोहोचवा, त्यावर पॅन आणि बँक खाते लिहा. संस्थाचालकांची सही लागणाऱ्या शाळेत धनादेश ‘पुढच्या आठवड्यात’ तयार होतो, आणि तो आठवडा कधीकधी परीक्षेपर्यंत लांबतो. वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नये. शाळेने मानधनातून कर कापला, तर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो.

कबुतर किंवा ससा वापरत असाल, तर 2001 च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर प्राण्यांशिवायच कार्यक्रम बसवा.

कांडीवाला

सर्वांचे मनापासून आभार. मानेवाड्याच्या शाळेला अर्ध्या दिवसाचे साडेसात हजार, दोन प्रयोग आणि सगळी मुले आत, असे पत्र देतो. ताई, एक शंका राहिली: त्यांच्याकडे सभागृह नाही, पटांगणच आहे. प्रयोग ऑगस्टमध्ये ठरला आणि पाऊस आला तर?

पडद्यामागचा

ताईंच्या आधी मीच सांगतो. पाऊस आल्यास प्रयोग व्हरांड्यात किंवा दोन वर्ग एकत्र करून चार छोट्या गटांत होईल, आणि तेही शक्य नसेल तर त्याच सत्रातली दुसरी तारीख मिळेल, असे पत्रातच लिहा. तुम्ही सामान घेऊन शाळेत पोहोचल्यावर रद्द झाले तर सहायकाचा रोज आणि गाडीभाडे शाळेने द्यावे, हेही त्याच पत्रात येऊ द्या. शक्य झाले तर आदल्या दिवशी जागा पाहून या. सकाळच्या प्रयोगाला पूर्वेकडे आणि दुपारच्या प्रयोगाला पश्चिमेकडे पाठ करून उभे राहू नका. मागून ऊन आले की पातळ रेशमी रुमालाच्या आत काय आहे ते पहिल्या रांगेला आरपार दिसते. उघड्यावर वारा असतो, तेव्हा कागद फाडून जोडण्याचा प्रयोग त्या दिवशी पेटीतच ठेवा.