जाँ-मिशेल जारकडे पैसा आला कुठून?

सूरपेटी:
सध्या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकार जारचा 'ऑक्सिजेन' हा अल्बम रोज ऐकतोय. त्याच्याबद्दल आणखी माहिती शोधायला गेलो तर जिकडेतिकडे त्याच्या संपत्तीचे आकडे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा. एक मित्र म्हणतो, त्यात काय विशेष, बाप तीन ऑस्करवाला, पोराला सगळं आयतं मिळालं. दुसरीकडे वाचतो की त्याच्या कार्यक्रमांना दहा-दहा लाख माणसं यायची आणि तिकीटच नसायचं. मग कमाई कशातून झाली? जाणकारांनी सांगावं.

मध्यसप्तक:
आकडे सोडून दे, ते अंदाज असतात. पण 'आयतं मिळालं' हे मला अजिबात मान्य नाही, आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो. मी की-बोर्डवर बसलो तो याच माणसाच्या धुना कानाने उतरवण्यासाठी.

जन्म 24 ऑगस्ट 1948, लिऑं. वडील मोरिस जार चित्रपटसंगीतात फार मोठे, हे खरं. पण मुलगा पाच वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले आणि वडील अमेरिकेला गेले. वाढवलं आईने. ही बाई, फ्रान्स पेजो, युद्धकाळात नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होती, पकडली गेली आणि राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून जिवंत परतली. लिऑंमधले आजोबा ओबो वाजवायचे आणि पेशाने अभियंता. रेडिओसाठी वेगवेगळे आवाज एकत्र करणारा, सुरुवातीच्या काळातला एक मिक्सर त्यांनी बनवला होता. घराण्याचा वारसा शोधायचाच तर मला तो आजोबांमध्ये दिसतो.

पुढे तो पॅरिसमध्ये पिएर शेफेर या प्रयोगशील संगीतकाराच्या संशोधनगटात शिकला. टेप कापणं, उलटी फिरवणं, कुठलाही आवाज संगीताचा माल म्हणून वापरणं, ही सगळी तालीम तिथली. पण पोट भरत होतं गाणी लिहून. क्रिस्तोफ या गायकासाठी त्याने लिहिलेली गाणी सत्तरच्या दशकात फ्रान्समध्ये तुफान चालली. गाणं रेडिओवर वाजलं की सासेम ही लेखक-संगीतकारांची संस्था मानधन गोळा करून देते. म्हणजे त्याची पहिली भक्कम कमाई शब्दांची होती, सिंथेसायझरची नव्हे.

आता 'ऑक्सिजेन'. 1976, पॅरिसमधलं राहतं घर, आठ ट्रॅकचं रेकॉर्डर. जो पसरट, लाटांसारखा हलणारा आवाज तू ऐकतोस ना, तो एमिनेंट कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आहे, गिटारवाले वापरतात त्या 'स्मॉल स्टोन' फेझरमधून, म्हणजे आवाज असा हलवणाऱ्या छोट्या उपकरणातून काढलेला. तालासाठी कॉर्ग कंपनीचं मिनी पॉप्स हे तालयंत्र. त्यात तयार ताल बटणावर मिळतात, एका वेळी एक. याने बटणं चिकटपट्टीने दाबून ठेवून दोन ताल एकदम चालवले. चौथा भाग लाव आणि फक्त तालाकडे कान दे. तो किंचित लंगडत, तरीही पुढे ढकलत जाणारा ठेका तिथून आला. मला आजही ते ऐकताना अंगावर काटा येतो.

बऱ्याच कंपन्यांनी रेकॉर्ड नाकारली. गायक नाही, गाणं नाही, भागांना नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. शेवटी फ्रान्सिस ड्रेफ्यूस या प्रकाशकाने ती काढली आणि पुढे जगभरात एक कोटीच्या वर प्रती खपल्या. शब्द नसल्यामुळे भाषेची आडकाठीच नव्हती. तुझ्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच: पैसा रचनांच्या हक्काचा.

टेपडेक:
फुकट कार्यक्रमांबद्दल थोडी भर. 14 जुलै 1979, पॅरिसमधला प्लास द ला काँकॉर्द हा चौक, दहा लाख लोक, गिनीज बुकात नोंद. 1997 ला मॉस्को शहराच्या 850 व्या वर्षानिमित्त झालेल्या कार्यक्रमाला 35 लाख सांगतात. असे सोहळे मुळात शहराचे किंवा सरकारचे. दिवे, लेझर, इमारतींवरची चित्रं यांचा खर्च एकट्या कलाकाराच्या आवाक्यातला नसतोच. त्याचा लाभ नंतर, रेकॉर्ड आणि प्रक्षेपणातून. 1981 मध्ये चीनमध्ये जे कार्यक्रम झाले त्यांचाही पुढच्या वर्षी दुहेरी अल्बम निघाला.

पण हा माणूस नुसता हिशेबी नव्हता. 1983 मध्ये त्याने एका अल्बमची एकच प्रत काढली, मूळ साचे नष्ट केले आणि पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात ती विकली. 69,000 फ्रँक आले. रेडिओ लक्झेंबर्गवर तो अल्बम वाजला तेव्हा लोकांना खुशाल टेप करून घ्या म्हणाला.

सूरपेटी:
वा! पण वडिलांचं काय? शेवटी वारसाहक्काने काहीतरी मिळालंच असेल ना?

मध्यसप्तक:
नाही. मोरिस जार 2009 मध्ये कॅलिफोर्नियात वारले. सगळी मालमत्ता त्यांनी ट्रस्ट आणि मृत्युपत्राद्वारे पत्नीच्या नावे केली होती. फ्रेंच कायद्यात मुलांचा ठरावीक वाटा बापालाही काढून घेता येत नाही, कॅलिफोर्नियात तसं बंधन नाही. जाँ-मिशेल आणि त्याची बहीण फ्रान्समध्ये कोर्टात गेले. 27 सप्टेंबर 2017 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी कायद्यात हा राखीव वाटा नाही एवढ्यावरून तो कायदा नाकारता येणार नाही. मग स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथेही हरले.

त्यामुळे तुझ्या मित्राला हे जरूर सांग. ज्या बापाच्या नावावर लोक याचं यश लिहून टाकतात, त्या बापाने मुलांसाठी काही ठेवलं नाही. मला यात पैशापेक्षा त्या मुलाचं वाईट वाटतं.

आणखी एक. लेखक-संगीतकारांच्या संस्थांचा जो जागतिक महासंघ आहे, सिसाक, त्याचा तो 2013 ते 2020 अध्यक्ष होता. इंटरनेटवर गाणी वाजवणाऱ्या कंपन्यांनी संगीतकारांना रास्त मोबदला द्यावा म्हणून तो सतत बोलत राहिला. ज्याचं अख्खं आयुष्य रचनांच्या हक्कावर उभं राहिलं, त्याने बाकीच्यांसाठीही भांडावं हे मला फार मोलाचं वाटतं.

सूरपेटी:
मित्राला हा धागाच पाठवतो. 'ऑक्सिजेन'नंतर काय ऐकू?

मध्यसप्तक:
'इक्विनॉक्स', 1978. हेडफोन लावून, पहिल्यापासून सलग.