चेक प्रजासत्ताकात राहायला जाणाऱ्यांना कोणत्या रीतिभाती आधी ठाऊक असाव्यात?

धरमपेठची आई (प्रश्न)

माझा मुलगा, सून आणि दुसरीत शिकणारी नात नोकरीच्या निमित्ताने ब्रनो येथे राहायला जात आहेत. व्हिसा, विमा आणि घरभाडे यांची माहिती कंपनीकडून मिळते आणि प्रागच्या किल्ल्याची छायाचित्रे तर सगळीकडेच आहेत. परंतु शेजाऱ्यांशी कसे वागावे, सणावारी काय होते, आपल्याकडून नकळत कोणाचा अवमान कशाने होऊ शकतो, हे कोणी सांगत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, अंडी मात्र मुले खातात. तेथे राहून आलेल्या नागपूरकरांनी कृपया सविस्तर लिहावे.

बजाजनगरचा रहिवासी

ताई, मी ब्रनोमध्ये नोकरी केली आहे. तेथील माणसे रस्त्यावर आणि ट्राममध्ये हळू बोलतात, अनोळखी माणसाकडे पाहून हसत नाहीत. नव्याने गेलेल्या भारतीयांना तो तुटकपणा वाटतो आणि मला हा समज अन्यायाचा वाटतो. हीच माणसे लिफ्टमध्ये, छोट्या दुकानात किंवा डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात शिरताना तेथे बसलेल्या सर्वांना ‘दोब्री देन’, म्हणजे ‘शुभ दिवस’, म्हणतात आणि निघताना निरोप घेतात. हे न करणारा त्यांच्या दृष्टीने उद्धट ठरतो. मुलाने आणि सुनेने पहिल्या दिवसापासून एवढे पाळले तरी शेजाऱ्यांची वागणूक बदललेली दिसेल.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद तेथे आपल्यासारखाच काटेकोर आहे. ‘तू’ म्हणण्याचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या व्यक्तीने, आणि स्त्री-पुरुषांत स्त्रीने, मांडायचा असतो. तोवर सहकाऱ्यांनाही ‘तुम्ही’च म्हणावे. कार्यालयात इंग्रजी चालत असेल तर हा भेद दिसत नाही, परंतु घरमालकीण किंवा शाळेतील शिक्षिका तो नक्की पाहते.

पादत्राणे दाराशीच काढतात आणि यजमान बहुधा पाहुण्यांसाठी घरात वापरायच्या सपाता पुढे करतात. नातीला शाळेतही आत घालायचे वेगळे जोड लागतील, कारण मुले बाहेरचे बूट कपडे बदलण्याच्या खोलीत ठेवून वर्गात जातात. कोणाकडे फुले न्यायची असतील तर त्यांची संख्या विषम असावी. सम संख्येची फुले अंत्यविधीसाठी असतात. रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ असते आणि ती मनापासून पाळली जाते, म्हणून सकाळच्या चटणीसाठी मिक्सर सहाच्या आधी लावू नये.

महालची लेक

काकू, मी सणांविषयी लिहिते, कारण तेथील सण घरातच साजरे होतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचा पत्ताच लागत नाही.

5 डिसेंबरच्या संध्याकाळी संत मिकुलाश, देवदूत आणि साखळ्या खळखळवणारा सैतान असे तिघे रस्त्यांवर आणि घरोघरी फिरतात. मुलांनी कविता म्हणायची आणि खाऊ घ्यायचा, अशी पद्धत आहे. सैतानाचे सोंग फार भीतिदायक असू शकते, तेव्हा नातीला आधीच समजावून सांगा.

नाताळचा मुख्य दिवस 25 नव्हे, 24 डिसेंबर. भेटी सांताक्लॉज आणत नाही, बाळ येशू आणतो. तो कोणाला दिसत नाही, घंटी वाजली की झाडाखाली भेटी ठेवलेल्या सापडतात. जेवणात तळलेला कार्प मासा आणि बटाट्याचे सॅलड असते. त्याआधीचे काही दिवस चौकाचौकांत पाण्याने भरलेल्या मोठ्या टाक्यांमधून जिवंत कार्प विकतात आणि गिऱ्हाइकाने सांगितल्यास तेथेच कापून देतात. शाकाहारी घरातल्या लहान मुलीला हे दृश्य अवघड जाईल, म्हणून त्या दिवसांत वाट थोडी बदललेली बरी. मात्र या माशामागची परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे: दक्षिण बोहेमियातील त्रेबोनच्या परिसरात सोळाव्या शतकात माणसांनी खोदलेले तलाव आजही मासे देतात आणि त्यांतील सर्वांत मोठा, रोझंबर्क, याकुब क्रचिन याने 1590 मध्ये पूर्ण केला. माशाचा एखादा खवला वर्षभर पाकिटात ठेवला की पैसा टिकतो, अशी समजूत आहे. 1 जानेवारीला त्याच कारणासाठी मसूर खातात. तुमच्या घरी हा रिवाज पाळणे सोपे जाईल.

ईस्टरच्या सोमवारी मुलगे आणि पुरुष विणलेल्या विलोच्या छडीने, म्हणजे पोम्लाझ्काने, ओळखीच्या मुलींना हलके फटके मारतात आणि त्या बदल्यात रंगवलेली अंडी मिळतात. स्त्रीला आरोग्य आणि तारुण्य मिळावे, ही त्यामागची मूळ कल्पना. गावांत हे उत्साहाने होते, शहरांतील अनेक स्त्रियांना मात्र ते आवडत नाही आणि त्यांचे म्हणणे मला पटते. सुनेने नको म्हटले तर तो तिचा हक्क आहे.

ईस्टरच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी मात्र नागपूरकराने एखाद्या खेड्यात आवर्जून जावे. गवताची मोराना नावाची बाहुली करतात, तिला जुने कपडे आणि अंड्यांच्या टरफलांची माळ घालतात, गाणी म्हणत गावाबाहेर नेतात आणि पेटवून ओढ्यात टाकतात. हिवाळा आणि मृत्यू यांना घालवून देण्याचा हा विधी पाहताना मला आपल्या मारबतीच्या मिरवणुकीतली ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ऐकू येत होती.

मानेवाडा

थोडक्यात भर घालतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी 12 वाजता देशभर भोंगे वाजवून पाहतात, घाबरू नये. वाहन चालवणाऱ्यासाठी मद्याची मर्यादा शून्य आहे, बिअरचा अर्धा पेलाही चालत नाही. 28 सप्टेंबर, 28 ऑक्टोबर आणि 25, 26 डिसेंबर अशा काही सुट्ट्यांना 200 चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने कायद्याने बंद असतात, त्यामुळे किराणा आदल्या दिवशी भरावा.

धरमपेठची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाताळच्या जेवणाचे आमंत्रण आल्यास शाकाहारी असल्याचे सांगून नकार द्यावा का?

महालची लेक

नकार देऊ नका, काकू. ती संध्याकाळ फक्त घरच्यांची असते, म्हणून आमंत्रण मिळणे हा मोठा मान आहे. सुनेने काही दिवस आधीच स्पष्ट सांगावे आणि ‘कुबा’ मिळेल का, असे विचारावे. जव, सुकवलेले अळंबे, लसूण आणि मरवा घालून भाजलेला हा नाताळचाच जुना पदार्थ आहे. तो डुकराच्या चरबीऐवजी लोण्यात करण्याची विनंती मात्र करायला हवी. सूपही मांसाच्या पाण्यात केलेले असू शकते, तेव्हा तेही विचारून घ्यावे. स्वतः काही करून नेणार असाल तर तिखट अगदी बेताने घाला. आपला सावजी हात तेथील जिभेला झेपणार नाही.