दहावीच्या बॅचचा मेळावा ठरलाय, पण वर्गातल्या मुली सापडेनात. कसं हुडकायचं?

गावभागातली_मुलगी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण वाचा प्लीज.

आमची सांगलीतली १९९९ ची दहावीची बॅच. मराठी माध्यम, चार तुकड्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोन दिवसांच्या मेळाव्याचा घाट घातलाय, शनिवारी शाळेत आणि रविवारी बाहेर कुठंतरी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलं भरपूर जमली, पण मुली अगदी मोजक्या, आणि ज्या आहोत त्या बहुतेक पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या नाहीतर परदेशात. वर्गात तर जवळजवळ निम्म्या मुली होत्या. नांद्रे, कवलापूर, बुधगाव, हरिपूर इथनं सायकलवर नाहीतर एसटीच्या पासवर यायच्या. त्यातली एकसुद्धा ग्रुपवर नाही. त्या नसतील तर तो आमच्या वर्गाचा मेळावा कसा म्हणायचा सांगा.

ग्रुपवर काही जण म्हणतात, ज्यांना यायचं ते येतील, किती हुडकत बसणार. पण त्यांना कळणार कसं? मुलांचं सोपं असतं, आडनाव तेच, घर बऱ्याचदा तेच, चौकात कुणालाही विचारलं तरी पत्ता लागतो. मुलीचं लग्न झालं की आडनाव जातं, काहींच्यात नावही बदलतात, माहेरच्या मतदारयादीत ती राहत नाही, फेसबुकवर माहेरच्या नावानं शोधलं तर दुसऱ्याच कुणाचे फोटो येतात. त्यात गावभागातली, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतली, बरीच घरं २०१९ च्या पुरानंतर विश्रामबाग, कुपवाडकडं गेली, म्हणजे जुन्या पत्त्यावर जाऊनही कुणी भेटेलच असं नाही. माझ्या शेजारी बसायची ती नांद्र्याची मैत्रीण, भूमितीची प्रमेयं तिनं मला समजावून दिली म्हणून मी पास झाले, बारावीनंतर लगेच तिचं लग्न झालं एवढंच कानावर आलं होतं. मला ती या मेळाव्याला हवीय, फार हवीय.

आणि पैशाचंही बघा. माणशी तीन हजार म्हणतायत, हॉटेल, टी-शर्ट, ट्रॉफी धरून. ग्रुपवरच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, पण नांद्र्यात शेती करणाऱ्या घरातली बाई तीन हजार मागून घेईल का घरातनं? तिला न लाजवता हे कसं करायचं? कुणी केलं असेल असं काही तर सविस्तर सांगा.

माहेर_सातारा

ताई, आधी तारीख बदला. खरंच सांगते, आमच्या साताऱ्याच्या बॅचला हे उशिरा सुचलं पण सुचल्यावर चित्रच बदललं. आमचे आधीचे मेळावे डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत व्हायचे कारण आयटीवाल्यांना तेव्हा रजा मिळते. मग आम्ही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवला. बाईमाणूस तेव्हा माहेरी आलेलीच असते, सासरी वेगळी परवानगी मागायला लागत नाही, पोरं मामाकडं असतात, प्रवासखर्च वेगळा नाही. पाटण, कोरेगाव, वाई तिकडनं मुली आल्या, ज्यांनी आधी कधी फोनसुद्धा उचलला नव्हता. राजवाड्याजवळ सगळ्या जमलो आणि तिथनं चालत शाळेत गेलो, रस्त्यानं एवढा गोंधळ की दुकानदार बाहेर येऊन बघत होते. शाळेला दिवाळीची सुट्टी असते, पण महिनाभर आधी मुख्याध्यापकांना अर्ज दिला तर हॉल आणि एक-दोन वर्ग उघडून मिळतात. मे महिन्यातही मुली माहेरी असतात पण लग्नसराई आणि ऊन, त्यापेक्षा दिवाळी बरी.

हुडकण्याचं म्हणाल तर फोनवर काही होत नाही, माहेरच्या घरी जायला लागतं. आणि एक बाईच जाऊ दे. वर्गातला मुलगा, आता पन्नाशीकडं झुकलेला का असेना, दारात उभा राहून "तुमच्या बहिणीचा नंबर द्या" म्हणाला तर भाऊ देणार नाही आणि देऊही नये. तुम्ही जा, चहा घ्या, तिच्या वहिनीशी बोला, आणि नंबर मागू नका, स्वतःचा नंबर कागदावर लिहून ठेवून या. तिला वाटलं तर ती करेल. आमच्याकडं अशा बऱ्याच जणींचे फोन आले, काहींचे रात्री दहानंतर, सगळं आवरल्यावर. नंबर मिळाला तरी तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर अ‍ॅड करू नका, शंभर पुरुषांना एकदम नंबर जातो हे सासरी आवडत नाही आणि कितीतरी जणींना स्वतःलाही आवडत नाही. आम्ही फक्त मुलींचा वेगळा ग्रुप केला, तिथं त्या मोकळ्या झाल्या.

बाई_निवृत्त

मी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवत होते, आता घरी असते. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते गं.

शाळेत जनरल रजिस्टर असतं, ते कायम जपायचं दप्तर आहे. दुबार दाखला त्यावरूनच देतात, त्यामुळं १९९९ चंच काय त्याच्याही आधीचं असतं. मुख्याध्यापकांना बॅचच्या नावानं लेखी अर्ज दे, दोघीतिघी जा, आणि कार्यालयात बसून फक्त नावं वहीत उतरवून आणा. रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, त्यात जन्मतारीख, धर्म, जात सगळं असतं. पत्ता त्यात मिळेलच असं नाही, पण जन्मगाव असतं, आधीची शाळा असते. नांद्र्याच्या मुलीची आधीची शाळा म्हणजे बहुधा गावातली जिल्हा परिषदेची. त्या शाळेत जाऊन विचारलंस तर गावात कोणाची मुलगी कुठं दिली हे सांगणारं कुणीतरी भेटतंच.

दुसरं, शाळेतले शिपाईमामा. आम्ही शिक्षक बदलून गेलो, निवृत्त झालो, पण मामा त्याच गल्लीत राहतात. कोणाचं लग्न कुठं झालं, कोणाचे वडील वारले, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं. त्यांना मेळाव्याचं आमंत्रण दिलंय का? सत्कार सरांचा आणि बाईंचा होतो, रोज घंटा देणारा माणूस मागं सतरंज्या उचलत असतो. ते मला कधीच बरं वाटलं नाही.

शिक्षकांना बोलवाल तर गाडी पाठवा, वर चढायच्या मजल्यावर कार्यक्रम ठेवू नका. शाल-श्रीफळाचा खर्च वाचवा. आम्हाला तासभर मुलांच्यात बसवा, एकेकानं जवळ येऊन नाव सांगावं, तेवढं पुरे. सुरुवातीला एका खुर्चीवर बसून हजेरी घ्यायला मात्र द्या, जुन्या नावांनी, माहेरच्या आडनावांनी. मी एका मेळाव्यात घेतली होती. एका मुलीनं "हजर" म्हटलं आणि मग म्हणाली, बाई, वीस वर्षांत या नावानं कुणी हाक मारली नाही. जे गेले त्यांची नावंही हजेरीत घ्या, वगळू नका. सगळे उभे राहतील.

द्राक्षबाग_तासगाव

मी न जाणाऱ्यांपैकी हाय म्हणून लिहितोय. आमची बॅच वेगळी, पण मेळावे सगळे सारखेच. पहिल्याला गेल्तो. माईक फिरवत होते, नाव सांगा, कंपनी सांगा, पोस्ट सांगा, कुठं सेटल झालाय सांगा. एकजण अमेरिका, एकजण बँकेत मॅनेजर, एकजण तहसीलदार. मग मी. मी म्हणलं दोन एकर बाग हाय. पुढचा "अरे वा, शेती, छान" म्हणून माईक घेऊन गेला. कुणी वाईट बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या "छान"नंतर मला कुणी काय विचारलंच नाही, आणि त्या साली माझी द्राक्षबाग डावणी रोगानं निम्मी गेल्ती, ते कुणाशी तरी बोलायचं होतं.

तर ताई, ओळखीचा कार्यक्रम करणार असाल तर कंपनी न् पोस्ट काढून टाका. कुठल्या बाकावर बसायचा, शेजारी कोण होतं, कुठनं यायचा, एवढंच विचारा. त्यात सगळे सारखे येतात. नांद्र्याची तुमची मैत्रीण त्यावर मोकळेपणानं बोलंल, पोस्टवर काय बोलणार ती.

दिवाळीचं वरच्या ताईंनी सांगितलं ते बायकांसाठी बरोबर हाय पण आमच्या तालुक्यातली पोरं येणार असतील तर एक ध्यानात घ्या, ऑक्टोबर छाटणी झाली की दिवाळीच्या टायमाला फवारण्या चालू असतात, ढग आलं की रातीत औषध मारायला लागतं. दोन दिवस मुक्काम जमत नाही. अर्ध्या दिवसाला बोलवा, दुपारपर्यंत, मग आम्ही येतो. उसाच्या पट्ट्यातल्यांचंही तेच, तोडीची टोळी आली की माणूस हलत नाही.

मिरज_जंक्शन

पैशाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडं हिशेब माझ्याकडं होता.

एकतर शनिवारचा शाळेतला कार्यक्रम पूर्ण फुकट ठेवा. सतरंजी, माईक, चहा, आणि जेवण साधं, भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा, मसालेभात. वर्गातल्या एखादीचा बचत गट असेल तर त्यांनाच ऑर्डर द्या, आमच्यात तसंच केलं, हॉटेलच्या निम्म्यात झालं आणि तिला काम मिळालं. टी-शर्ट आणि ट्रॉफी नको, दुसऱ्या दिवशी ते कपाटात जातं. रविवारची ट्रिप ज्याला करायची त्यानं वर्गणी भरून करावी, तीही लांब नको. दंडोबा, सागरेश्वर सगळ्यांना आवडतं पण गाड्या ठरवायला लागतात. हरिपूरचा संगम तीन-चार किलोमीटरवर आहे, कृष्णा-वारणा जिथं मिळतात तिथं बसलं तर कुणाला उठा म्हणायची घाई नाही, आणि पुण्या-मुंबईकडं जाणाऱ्यांना रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसपर्यंत वेळच वेळ असतो.

आणि कृपा करून ग्रुपवर पैसे भरलेल्यांची यादी टाकू नका. हिरवी टिक, लाल फुली, "पेंडिंग", हे बघून किती जण गप ग्रुप सोडतात. आम्ही दोनच माणसं ठेवली, एक बाई एक पुरुष, क्यूआर कोड दिला, ज्याला जे जमेल ते टाका, आकडा तिसऱ्याला कळणार नाही. जमलेली रक्कम लागणाऱ्यापेक्षा जास्तच झाली. ज्यांना परवडतं ते देतात हो, फक्त त्यांना कुणाच्या तोंडावर द्यायला लावू नका.

अजून एक सुचवतो. गावभागातली बॅच आहे म्हणता तर पुरात फोटो गेलेले असणार. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर, तळमजल्यावर काय राहिलं असेल. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांकडं दहावीचा ग्रुप फोटो नव्हता. आम्ही आमंत्रणातच लिहिलं की ज्याच्याकडं शाळेचा कुठलाही फोटो असेल तो घेऊन या, एका फोटोग्राफर मित्रानं टेबल टाकून तिथल्या तिथं कॉपी केल्या आणि संध्याकाळी सगळ्यांना पाठवल्या. सगळ्यात जास्त गर्दी त्या टेबलापाशी. हिची वेणी बघ, हा कोण रे मागचा, असं चाललेलं. ज्यांना स्टेजवर बोलता येत नाही ते तिथं तासभर बोलत होते.

गावभागातली_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं वाचून रडू आलं. हजेरीचं तर पक्कंच, आणि आमचे मामा अजून आहेत, मी आजच त्यांच्या मुलाकडून नंबर घेतला. तासगावच्या दादा, ओळखीचं तुम्ही सांगितलं तसंच करणार, आणि शनिवारी सकाळी नऊ ते दोन एवढाच मुख्य कार्यक्रम ठेवायचं मी ग्रुपवर टाकलंय, भाऊबिजेनंतरच्या शनिवारचं. तिघांनी विरोध केला, रजा नाही म्हणून. मी म्हटलं तुम्हाला व्हिडिओ कॉलवर घेऊ, त्या मुलींना व्हिडिओ कॉल जमणार नाही, म्हणून तारीख त्यांची धरायची. बऱ्याच जणांनी हो म्हटलंय.

एक विचारायचं राहिलं. माझी ती मैत्रीण आली नाही किंवा नको म्हणाली तर परत विचारावं का?

माहेर_सातारा

एकदा विचारावं, दुसऱ्यांदा सणाला नुसती ख्यालीखुशाली विचारायला फोन करावा, मेळाव्याचं नाव काढू नये. आमच्या एकीनं तीन वेळा नको म्हटलं, नंतर कळलं की नवरा वारल्यापासून ती कुठल्याच कार्यक्रमाला जात नाही, हळदीकुंकवाला बोलवत नाहीत म्हणून तिनंच सगळीकडं जाणं सोडलं होतं. मग आम्ही चौघी तिच्या घरी जाऊन जेवून आलो. आता दर दिवाळीला जातो, मेळाव्याला ती अजून येत नाही आणि आम्ही विचारतही नाही. तुमच्या मैत्रिणीच्या घरी काय परिस्थिती असेल माहीत नाही, त्यामुळं नंबर ठेवताना वहिनीला एवढंच सांगा की तिला भेटायचंय. मेळाव्याचं नंतर. आणि नांद्र्याला जाताना आधी फोन करायच्या भानगडीत पडू नका, फोनवर माणसं घाबरतात, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सरळ जा, घरातले सगळे भेटतात.

मिरज_जंक्शन

शाळेचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या. दिवाळीच्या सुट्टीत हॉल मागणाऱ्या बॅच बऱ्याच असतात, आम्हाला एका वर्षी नाही मिळाला, वर्गातच बाकं सरकवून करायला लागलं. तेही चाललं म्हणा.