स्वॅब नव्हे, खोलवरच्या ऊतीचा नमुना

मधुमेहींच्या पायाच्या जखमेचा स्वॅब (जखमेवर कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना) कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवावा आणि अहवालात जे जिवाणू दिसतील त्या सर्वांवर औषध द्यावे, हे मत मला पटत नाही. जखमेच्या पृष्ठभागावर जिवाणू असतातच, संसर्ग असो वा नसो. म्हणूनच मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जखम स्वच्छ करून ऊतीचा नमुना घेण्याचा, आणि संसर्गाची लक्षणे नसलेल्या जखमेला अँटिबायोटिक न देण्याचा सल्ला आहे.

माझ्या वडिलांच्या तळपायाच्या जखमेच्या स्वॅबमध्ये तीन जिवाणू निघाले आणि त्यावर दोन अँटिबायोटिक्स सुरू झाली; पुढे शल्यचिकित्सकांनी मृत ऊती काढून आतला तुकडा तपासायला दिला, तेव्हा त्यात एकटा स्यूडोमोनास हा जिवाणू आढळला आणि तो या दोन्ही औषधांना दाद देत नव्हता. आपल्यासारख्या उष्ण हवामानात स्यूडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह (जिवाणूंचा एक मोठा गट) जिवाणू थंड देशांपेक्षा अधिक आढळतात, हेही लक्षात घ्यायला हवे. शिवाय रक्तपुरवठा खुंटलेल्या पायात औषध पुरेसे पोहोचतच नाही, त्यामुळे उपचाराच्या प्रत्येक अपयशाला जिवाणूंचा औषधाला प्रतिरोध म्हणण्यापूर्वी पायाची नाडी तपासली आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.