ब्लूटूथवरून तानपुऱ्याची जवारी हरवते. वेगळा डॅक घ्यावा का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)
आमच्याकडे स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे. सीडीवर तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणकार) आणि तबल्याची चाट (काठावरचा टणक आघात) स्वच्छ ऐकू येते. तेच गायन आयफोनवरून ब्लूटूथने लावले की जवारी विरून जाते. डग्ग्याची घुमघुम मात्र दोन्हीकडे सारखीच जाणवते. महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानदाराने स्वतंत्र डॅक (डिजिटल ध्वनीचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) सुचवला आहे. तो घेण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १ (इंदिरानगर)
प्रथम ॲपमधील गुणवत्तेची सेटिंग पाहावी. स्पॉटिफायवर ती ‘ऑटोमॅटिक’ असल्यास नेटवर्कनुसार बिटरेट (दर सेकंदाला येणारा ध्वनीचा डेटा) खाली येतो. सीडीचा प्रवाह सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिटचा असतो. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (काहीही न गाळलेला ध्वनी) उपलब्ध असले, तरी आयफोन ब्लूटूथवरून पाठवताना ध्वनी पुन्हा एएसी किंवा एसबीसी या काही तपशील गाळणाऱ्या पद्धतींनी आकुंचित करतो, त्यामुळे लॉसलेस निवडूनही ते स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. एलडॅक या अधिक बिटरेटच्या ब्लूटूथ पद्धतीची सोय काही अँड्रॉइड फोनवर मिळते, आयफोनवर नाही. म्हणून डॅकचा विचार नंतर. आधी ब्लूटूथ बाजूला ठेवून फोन किंवा लॅपटॉप तारेने जोडून तेच गायन ऐका.

उत्तर २ (सिडको)
वरील उत्तर जवारीपुरते पटते, पण घुमघुम सीडीवरही असेल तर तिचा स्ट्रीमिंगशी संबंध नाही. आपल्याकडे स्पीकर बहुधा शोकेसच्या खणात किंवा अगदी कोपऱ्यात बसवलेले असतात आणि भिंत जवळ असली की खर्ज फुगतो. ते भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणावेत, ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण साधावा. फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी, काचेचे सरकते दार आणि उघड्या भिंती असल्यास टाळी वाजवून पाहा. झणझणीत प्रतिध्वनी आला, तर जाड पडदा आणि स्पीकरसमोर सतरंजी याने पुष्कळ फरक पडेल. (घरातील मंडळींची परवानगी हा भाग मात्र आपापल्या जबाबदारीवर!)

प्रश्नकर्ता
आभारी आहे. स्पीकर पुढे घेतल्यावर घुमघुम बरीच उतरली. लॅपटॉप तारेने जोडल्यावर जवारीही परतली, परंतु चार्जर लावताच स्पीकरमधून सतत बारीक गुणगुण सुरू होते आणि चार्जर काढला की थांबते.

उत्तर १ (इंदिरानगर)
हा बहुधा ग्राउंड लूप आहे. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर अर्थिंगच्या दोन वाटांनी जोडले गेले की विजेचा आवाज सिग्नलमध्ये शिरतो. यूएसबी डॅक घेऊनही तो जाईलच असे नाही, कारण यूएसबीच्या तारेतही ग्राउंडची जोडणी असते. ऑप्टिकल केबलमधून केवळ प्रकाश जातो, त्यामुळे विद्युत जोडणीच तुटते. तुमच्या ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असल्यास डॅक त्यातच असतो. मग ऑप्टिकल आउटपुट असलेला वाय-फाय स्ट्रीमर (वाय-फायवरून संगीत घेऊन ॲम्प्लिफायरला देणारे उपकरण) पुरे. तो गाणे थेट इंटरनेटवरून घेत असेल, तर फोन केवळ रिमोटचे काम करतो. ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नसेल, तरच ऑप्टिकल इनपुटचा साधा डॅक घ्यावा. चार्जरची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. ते धोक्याचे आहे.